व्हर्सायचे गुलाब आणि जपानच्या मुली

बायकामुलांना इतिहास चालत नाही, ही समजूत प्रकाशनव्यवसायाइतकीच जुनी असावी. बायकांना घरगुती गोष्टी द्याव्यात, मुलींना हळव्या प्रेमकथा द्याव्यात आणि सनावळ्या, तह, लढाया, खजिन्यातील तुटी हा सारा मामला पुरुष वाचकांसाठी राखून ठेवावा, अशी ती वाटणी. १९७२ साली तोक्योतील ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकाच्या संपादकमंडळींचे मतही काही वेगळे नव्हते. त्यामुळे रियोको इकेदा नावाची चोवीस वर्षांची चित्रकथाकार फ्रेंच राज्यक्रांतीवरची मालिका घेऊन आली, तेव्हा तिला होकार मिळाला तो एका अटीवर. वाचक मुलींना आवडली नाही तर मालिका तत्काळ बंद.

मालिका बंद झाली नाही. मे १९७२ मध्ये सुरू झालेली ही कथा १९७३ च्या अखेरपर्यंत आठवड्यामागून आठवडे चालली. ‘बेरुसाइयु नो बारा’, म्हणजे ‘व्हर्सायचे गुलाब’, हे तिचे नाव जपानी मुलींनी लाडाने ‘बेरुबारा’ करून टाकले. पुस्तकरूपाने तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९७४ मध्ये ती रंगभूमीवर आली, १९७९ मध्ये तिच्यावर दूरदर्शन मालिका निघाली, त्याच वर्षी जाक दमी या फ्रेंच दिग्दर्शकाने तिच्यावरून चित्रपट काढला. जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये तिचा नवा चलच्चित्रपट झळकला. अर्धशतक उलटून गेल्यावरही ज्या गोष्टीला नवा प्रेक्षक मिळतो, तिला ‘मुलींचे वाचन’ म्हणून बाजूला सारणे शहाणपणाचे नव्हे. तिच्यात असे काय आहे, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलींना ते इतके का भिडले, हे पाहण्यासारखे आहे.

जपानी चित्रकथा, ज्यांना तिकडे ‘मांगा’ म्हणतात, त्यांच्याविषयी आपल्याकडे आता नव्याने सांगायला नको. घरातील शाळकरी मुले नातवंडे त्या मोबाइलवर वाचतात, उजवीकडून डावीकडे पाने उलटतात आणि आजी-आजोबांना त्यांतली नावेही उच्चारता येत नाहीत. पण मुलींसाठीच्या चित्रकथेची, म्हणजे ‘शोजो’ मांगाची, वाट सोपी नव्हती. प्रारंभीच्या काळात मुलींच्या या कथाही बव्हंशी पुरुषच लिहीत आणि काढीत. सत्तरीच्या दशकात तरुण स्त्रियांची एक पिढी या क्षेत्रात उतरली आणि तिने हा प्रकारच बदलून टाकला. इकेदा त्या पिढीच्या. १९४७ चा जन्म, विद्यापीठात विषय तत्त्वज्ञान, विद्यार्थी चळवळीचे वारे अंगावरून गेलेले. शाळेत असताना त्यांनी स्टीफन झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाचे मारी आंत्वानेतचे चरित्र वाचले होते. झ्वाइगने १९३२ मध्ये लिहिलेल्या त्या चरित्राचे सूत्र असे, की ही राणी मुळात अगदी साधारण बाई होती; संकटांनी तिला मोठे केले. हे सूत्र मनात घेऊनच इकेदा यांनी पहिले पान काढले.

राणीचे आयुष्य

मारी आंत्वानेतची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात वाचली आहे. लोकांना पाव मिळत नाही असे कळल्यावर ‘मग त्यांनी केक खावा’ असे म्हणणारी ती उर्मट राणी. हे ती म्हणाल्याचा पुरावा नाही. रूसोच्या आत्मचरित्रात कुठल्याशा थोर राजकन्येच्या तोंडी असा उद्गार आहे, पण तो मजकूर लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत ही व्हिएन्नातली लहान मुलगी होती आणि फ्रान्सची हद्दही तिने ओलांडली नव्हती. एका न उच्चारलेल्या वाक्यावर एका बाईची दोन शतकांची ओळख उभी आहे.

खरी हकीकत पाहू गेले तर ती हवालीपत्रासारखी वाचली जाते. १७७० च्या मे महिन्यात, वयाच्या चौदाव्या वर्षी, ऱ्हाईन नदीतल्या एका बेटावर ऑस्ट्रियाने तिला फ्रान्सच्या ताब्यात दिले. दोन घराण्यांतली मैत्री टिकावी म्हणून झालेला हा व्यवहार. नवरा पंधरा वर्षांचा. व्हर्सायमध्ये तिचे उठणे, कपडे घालणे, जेवणे, सारे दरबाऱ्यांच्या देखत. म्हाताऱ्या राजाची मर्जीतली बाई मादाम द्यु बारी हिच्याशी बोलायचे नाही, एवढा एक हट्ट त्या पोरीने धरला. दरबारी रिवाजानुसार खालच्या दर्जाच्या बाईने आधी बोलायचे नसते. त्यामुळे हिचे मौन हा उघड अपमान ठरला. एका मुलीच्या अबोल्यावरून दोन राष्ट्रांचे वकील धावपळ करू लागले, कारण पोलंडच्या फाळणीत तिच्या आईला, सम्राज्ञी मारिया तेरेसाला, फ्रान्सच्या राजाची नाराजी परवडणारी नव्हती. अखेर १ जानेवारी १७७२ रोजी तिला एक वाक्य बोलावे लागले. इकेदा यांनी हा प्रसंग पानेच्या पाने रंगवला आहे. दोन बायकांचे रुसवेफुगवे म्हणून तो सुरू होतो आणि संपतो तेव्हा वाचणाऱ्या मुलीला कळते, की या महालात राजकन्येचा साधा अबोलाही तिच्या मालकीचा नाही.

पुढचे सारे याच वळणाने जाते. लग्नानंतर आठ वर्षे मूल नाही, याची चर्चा सगळ्या युरोपच्या दरबारांत. मूल झाले तेही खोलीभर दरबाऱ्यांच्या साक्षीने. अठराव्या वर्षी राणीपद, मग जुगार, उंची वस्त्रे, पोलिन्याकसारख्या मैत्रिणींवर उधळपट्टी, धाकट्या त्रियानों महालातली लपाछपी. फेर्सेन या स्वीडिश सरदारावर जडलेला जीव. इकेदा यांनी राणीच्या या चुकांवर पांघरूण घातलेले नाही. पण तिला खलनायिकाही केलेले नाही. जिला आयुष्यात एकाही मोठ्या गोष्टीविषयी कुणी विचारले नाही, तिने लहानसहान गोष्टींत मन रमवले, एवढेच त्या दाखवतात. आणि १६ ऑक्टोबर १७९३ रोजी, वयाची अडतिसावी पुरी व्हायच्या आत, तीच बाई गिलोटीनची पायरी ताठ मानेने चढते.

मात्र कादंबरीकाराच्या दृष्टीने इथे एक अडचण आहे. अशा बाईला नायिका करता येते, पण तिच्याकडून काही ठरवून घेता येत नाही. तिच्याविषयी सारे इतरांनी ठरवले. जन्म, लग्न, मुकुट आणि मृत्यू. वाचक हळहळतो, पण हळहळीवर दीड वर्ष साप्ताहिक चालत नाही.

सहावी मुलगी

ही अडचण सोडवण्यासाठी ऑस्कर आली.

जार्जाये हे खरे आडनाव. या नावाच्या सेनाधिकाऱ्याने १७९३ मध्ये कैदेतल्या राणीला सोडवण्याचा प्रयत्न केल्याची इतिहासात नोंद आहे. इकेदा यांनी त्याला एक मुलगी दिली, जी इतिहासात नव्हती. लागोपाठ पाच मुली झालेल्या या सरदाराला सहावीही मुलगीच होते आणि तो तिचे नाव पुरुषाचे ठेवतो, ऑस्कर फ्रान्स्वा. तिला मुलगा म्हणून वाढवतो, तलवार आणि घोडा शिकवतो. ऑस्कर राजरक्षक दलात अधिकारी होते आणि तिच्याकडे पहिले काम येते ते ऑस्ट्रियाहून आलेल्या चौदा वर्षांच्या नव्या सुनेचे रक्षण करण्याचे. राणी, फेर्सेन आणि ऑस्कर या तिघांचे जन्मसाल एकच, १७५५. पहिल्या दोघांचे इतिहासाने ठरवलेले, तिसरीचे लेखिकेने.

मूळ बेत राणीच्या चरित्राचाच होता. ऑस्कर ही तिच्या आसपास वावरणारी दुय्यम व्यक्तिरेखा. पण जपानी साप्ताहिकांत वाचकांची पसंती आठवड्याच्या आठवड्याला मोजली जाते, आणि मुलींचे मन कुणावर बसले हे लवकरच स्पष्ट झाले. पांढराशुभ्र गणवेश, सोनेरी केस, बापाच्या आज्ञेने मिळालेले पुरुषी आयुष्य. मला यात सर्वांत लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी, की ऑस्करलाही सुरुवातीला कुणी विचारलेले नाही. राणीला जसे आईने राजकारणासाठी दिले, तसे हिला बापाने वारसासाठी घडवले. दोघी एकाच प्रकारच्या हुकुमाखाली वाढल्या. फरक पडतो तो नंतर. देशातले वातावरण तापू लागते तसा बाप घाबरतो आणि इतक्या वर्षांनी तिला लग्न करून बाई म्हणून जगायला सांगतो. तेव्हा ऑस्कर नकार देते. ज्या आयुष्यात तिला न विचारता ढकलले होते, ते आता ती स्वतःच्या मर्जीने पत्करते. हुकूम म्हणून मिळालेली गोष्ट निवड म्हणून पुन्हा स्वीकारणे, हा विचार बारा वर्षांच्या मुलींच्या साप्ताहिकात छापून आला हे ध्यानात घ्यावे.

पण इकेदा तिला तेवढ्यावर सोडत नाहीत. ऑस्कर पुरुषासारखी वावरते हे खरे, पण ती सरदारघराण्यातली आहे आणि पॅरिसमधली भूक तिने पाहिलेली नाही. यासंबंधीचा एक प्रसंग साऱ्या कथेचा कणा आहे. तिच्या आश्रयाला राहून गेलेल्या रोझाली नावाच्या गरीब मुलीच्या घरी ऑस्कर येते. सवयीने ती गरम चॉकलेट मागते. रोझाली तिच्यापुढे ठेवते ते पाणीदार सूप, त्यात भाजीचे दोनचार तुकडे. घरात तेवढेच असते. ऑस्कर ते सूप पाहते आणि तिला उमजते, की आपण मागितले ते काय होते आणि कुणाच्या घरी मागितले. भाषण नाही, घोषणा नाही. दारिद्र्यरेषेवरच्या कित्येक परिसंवादांना जे जमत नाही ते एका वाडग्याने साधले आहे.

त्यानंतर ती राजरक्षक दल सोडून साध्या शिपायांच्या पलटणीत, ‘फ्रेंच गार्ड्स’मध्ये, जाते. तिथले शिपाई बाईच्या हाताखाली काम करायला साफ नकार देतात. त्यांचा विश्वास मिळवायला तिला किती सोसावे लागते, हे इकेदा यांनी सविस्तर दाखवले आहे. जुलै १७८९ मध्ये या पलटणीला लोकांवर चालून जायचा हुकूम येतो, तेव्हा ऑस्कर आपला हुद्दा, किताब आणि सरदारकीचे हक्क सोडून देते आणि पलटणीसह लोकांच्या बाजूला उभी राहते. १३ जुलैला तिचा आयुष्यभराचा सोबती आंद्रे, तिच्या दाईचा नातू, मारला जातो. दुसऱ्या दिवशी बॅस्टिलच्या तटासमोर ती स्वतः पडते.

हे निव्वळ कल्पित आहे का? पूर्णपणे नाही. १४ जुलैला फ्रेंच गार्ड्समधले साठेक शिपाई खरोखरच लोकांना जाऊन मिळाले होते, त्यांनी तोफा आणल्या आणि बॅस्टिल पडण्याचा क्षण जवळ आला. उलँ नावाचा एक माजी सैनिक त्यांच्या अग्रभागी होता. लोकांच्या बाजूला वळलेला हा सैनिकी नेता इकेदा यांना कथेत हवा होता, आणि त्यांनी त्या जागी एक स्त्री उभी केली. ऐतिहासिक कादंबरीचा हाच खरा व्यवहार. इतिहासाने रिकामी सोडलेली जागा शोधायची आणि तिथे असे माणूस ठेवायचे, की आजूबाजूच्या एकाही खऱ्या घटनेला धक्का लागू नये आणि तरी त्या सर्वांचा अर्थ बदलावा.

ऑस्कर गेल्यावर संपादकांनी गोष्ट लवकर आवरती घ्यायला सांगितली. पण इकेदा यांनी राणीला वाऱ्यावर सोडले नाही. वारेनचे पलायन, कैद, खटला, वधस्तंभ, हे सारे येते. कैदेतल्या अखेरच्या आठवड्यांत राणीची सेवा करणारी रोझाली नावाची दासी इतिहासात खरोखर होती. इकेदा यांनी सूप देणारी रोझाली तीच, असे दाखवून कल्पित आणि सत्य यांचा सांधा जुळवला. शेवटी उरतो फेर्सेन, ज्याला १८१० मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यावर जमावाने ठार मारले. तारीख २० जून. राणीच्या पलायनाची गाडी एकोणीस वर्षांपूर्वी ज्या तारखेला त्याने हाकली, तीच. हा योगायोग कुणा लेखकाने रचला असता तर त्याला नाटकी म्हणून हसले असते.

जपानच्या मुलींना काय दिसले

आता प्रश्न असा, की १९७२ सालच्या ओसाका-नागोयाच्या शाळकरी मुलींना अठराव्या शतकातल्या फ्रान्सचे एवढे काय पडले होते?

त्या मुलींपुढचे जपान काय होते ते पाहावे. देश भरभराटीला आला होता. मुली शिकत होत्या, नोकऱ्याही करीत होत्या. पण लग्न झाले की राजीनामा द्यायचा, हा अनेक कंपन्यांचा नियमच होता. १९६६ मध्ये सुमितोमो सिमेंट कंपनीच्या एका कर्मचारी स्त्रीने न्यायालयात जाऊन तो नियम रद्द ठरवून घेतला, तरी रूढी लगेच हटली नाही. निस्सान मोटर कंपनीत स्त्रियांना पुरुषांपेक्षा पाच वर्षे आधी निवृत्त करीत. तो भेद बेकायदा ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निकाल यावा लागला. नोकरीत समान संधी देणारा कायदा संमत झाला तो १९८५ मध्ये. म्हणजे ‘मार्गारेट’ वाचणाऱ्या मुलीला पुढे ज्या कचेऱ्यांत जायचे होते, तिथे चहा देणे तिला नक्की मिळणार होते. हुकूम देणे मिळणार नव्हते. अशा वेळी तिच्या हातात दर आठवड्याला एक बाई येत होती, जी पुरुषांच्या पलटणीपुढे उभी राहून हुकूम देते, आणि ते मानले जावेत म्हणून ओरडत नाही, तर आधी लायकी सिद्ध करते.

पलटणीने हुकूम नाकारण्याचे ते प्रकरण वाचताना मला आमच्या बँकेतले दिवस आठवले. ऐंशीच्या दशकात शाखांमध्ये आम्ही काही मुली अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा अनुभवी हेडकॅशियर आमच्या सहीसाठी आलेले व्हाउचर हळूच पलीकडच्या टेबलावरच्या पुरुष अधिकाऱ्याकडे सरकवीत. त्यात दुष्टावा नव्हता, सवय होती. ती मोडायला भांडण उपयोगी पडले नाही. दिवसअखेरीस रोकड जुळेना तेव्हा रात्री नऊपर्यंत बसून फरक शोधून दिला, की दुसऱ्या दिवशी व्हाउचर आपोआप योग्य टेबलावर येई. ऑस्करच्या शिपायांचे मन वळते तेही अशाच मार्गाने. चोवीस वर्षांच्या इकेदा यांना हे कुठून कळले असेल ते असो. पुरुषांच्या मालकीच्या व्यवसायात त्याही नव्यानेच हुद्द्यावर आल्या होत्या.

१९७२ चा आणखी एक संदर्भ आहे. साठीच्या दशकातल्या जपानी विद्यार्थी चळवळीचा शेवट त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अत्यंत भीषण झाला. एका डोंगरातल्या बंगल्यात ओलीस धरून बसलेल्या सशस्त्र टोळीला पोलिसांनी पकडले आणि पाठोपाठ त्या टोळीने आपल्याच साथीदारांचे केलेले खून उजेडात आले. क्रांती या शब्दाचीच लोकांना शिसारी आली. तीनच महिन्यांनी मुलींच्या साप्ताहिकात क्रांतीची गोष्ट सुरू झाली. इकेदा यांनी त्या शब्दाचे समर्थनही केले नाही आणि धिक्कारही केला नाही. लोक बॅस्टिलवर का गेले हे सांगितले, आणि तेच लोक चार वर्षांनी राणीचे डोके कापताना कसे दिसत होते हेही सांगितले. दोन्हींवर विश्वास बसतो.

एक हिशेबी तक्रार

एवढे कौतुक केल्यावर एक तक्रारही नोंदवायला हवी. ती हिशेबाची आहे.

चित्रात वस्त्र दिसते, व्याज दिसत नाही. राणीचे झगे, केसांचे मनोरे, जुगाराचे टेबल ही दृश्ये पानापानांवर इतकी देखणी उतरतात, की फ्रान्सचे दिवाळे या झग्यांनीच काढले असा ग्रह व्हावा. त्या काळच्या लोकांचाही तोच ग्रह होता आणि त्यांनी राणीला नाव ठेवले ‘मादाम तूट’. परंतु १७८८ चे फ्रेंच सरकारचे जमाखर्चाचे आकडे उपलब्ध आहेत. एकूण खर्च सुमारे ६३ कोटी लिव्र. त्यातला साऱ्या दरबाराचा खर्च सहा टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्मा खर्च कर्जाच्या व्याजापोटी आणि फेडीपोटी. ते कर्ज झाले होते युद्धांमुळे, विशेषतः इंग्लंडला धडा शिकवायला अमेरिकन वसाहतींना केलेल्या मदतीमुळे. आणि ज्यांच्याकडे सर्वाधिक जमीन होती त्या सरदारांना आणि धर्मपीठाला करांत मोठ्या सवलती होत्या. अशा ताळेबंदाला राणीने आयुष्यभर सुती कपडे घातले असते तरी काही फरक पडला नसता.

हिऱ्यांच्या हाराचे प्रकरण तर याहून बोलके. सोळा लाख लिव्र किमतीचा हार राणीने घेतलाच नव्हता. एका ठकसेन बाईने राणीच्या नावाने बनावट पत्रे दाखवून रोहाँ नावाच्या कार्डिनलला गंडवले आणि १७८५ मध्ये त्याच्या हमीवर हार उचलला. करारावर राणीची सही होती ‘मारी आंत्वानेत द फ्रांस’. राजघराण्यातली माणसे केवळ नावाची सही करतात, हे कार्डिनलला माहीत असायला हवे होते. नमुना सही न पडताळता केलेला व्यवहार, एवढेच त्याचे वर्णन बँकेच्या चौकशी अहवालात झाले असते. पण न्यायालयाने कार्डिनलला निर्दोष सोडले आणि बदनामी झाली ती जिने हार घेतलाच नव्हता त्या बाईची. हे प्रकरण इकेदा यांनी उत्तम रंगवले आहे. उजेडात आणायला हवे ते कर्जखाते मात्र चित्रकथेच्या पानावर मावत नाही, आणि तो तिच्यापेक्षा त्या प्रकाराचा दोष आहे.

हे खाते आपल्यापासूनही फार दूरचे नाही. टिपू सुलतानाचे तीन वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला थेट व्हर्सायला गेले होते. सोळाव्या लुईने १० ऑगस्ट १७८८ रोजी मोठ्या थाटात त्यांची भेट घेतली. त्यांचे फेटे आणि जामे पाहायला पॅरिस लोटले. मदत मिळाली नाही. बरोबर सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, फ्रान्सच्या खजिन्याने देणी भागवणे थांबवल्याचे जाहीर झाले. थाटात पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या राजाची तिजोरी त्या वेळी रिकामी होती. व्हर्सायचा झगमगाट किती खोल होता, हे कळायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

झगमगाट आणि त्यापलीकडचे

‘बेरुबारा’वर नेहमी घेतला जाणारा आक्षेप याच झगमगाटाचा. क्रांतीची गोष्ट सांगता सांगता ती राजवाड्याच्या मोहात पाडते; मुली ऑस्करच्या त्यागापेक्षा तिच्या गणवेशाच्या प्रेमात पडतात. आक्षेपात तथ्य आहे. तो गणवेशसुद्धा त्या काळापेक्षा नेपोलियनच्या काळाशी अधिक जुळतो, असे जाणकार सांगतात. १९७४ मध्ये ताकाराझुका या नाटकमंडळीने ही गोष्ट रंगभूमीवर आणली आणि तिच्या पिसाऱ्यांत, झुंबरांत आणि जिन्यांत क्रांतीची धग बरीच निवली, हेही खरे.

पण त्या मंडळीचीही एक गंमत आहे. ताकाराझुकात सर्व भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. एका रेल्वे कंपनीने प्रवासी वाढवण्यासाठी १९१३ मध्ये काढलेली ही संस्था शतकानंतरही जोरात आहे. ऑस्कर म्हणजे पुरुषवेषातली स्त्री. तिची भूमिका पुरुषांच्या भूमिकांत मुरलेल्या नटीने करायची. आणि पहिल्या प्रयोगाचे दिग्दर्शन कुणी केले? काझुओ हासेगावा या चित्रपटनटाने, ज्याची घडण काबुकीत झाली होती आणि जो स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेला होता. बाईचे सोंग पुरुषाने शिकवावे आणि पुरुषाचे बाईने वठवावे, यात बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला नवल वाटू नये. आपल्या पणज्यांनी साडी नेसण्याची ढब बालगंधर्वांना पाहून उचलली असे सांगतात. जपानी मुलींनी ऑस्करकडे पाहून काय उचलले ते साडीसारखे दिसत नाही, एवढेच. पुढे कित्येकींनी फ्रेंच शिकायला घेतले, इतिहास अभ्यासाला घेतला. २००९ मध्ये फ्रेंच सरकारने इकेदा यांना ‘लेजियाँ दॉनर’ हा किताब दिला. मुलींना इतिहास चालत नाही म्हणणाऱ्यांना याहून ठळक उत्तर काय असावे?

मोहाच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच, की ज्याचा त्याग करायचा ते सुंदर दिसले नाही तर त्यागाला किंमत राहत नाही. मळक्या भिंतींचा वाडा सोडून जाणाऱ्याचे कौतुक कोण करील? इकेदा आधी वाचक मुलीला त्या आरशांत, गुलाबांत मनसोक्त रमू देतात. मग तिच्यापुढे सूपाचा वाडगा ठेवतात. रमलेली मुलगीच त्या वाडग्याने अस्वस्थ होते.

आपल्या घरांत मुलींच्या वाचनाविषयी दोन टोकांची मते असतात. एक, वाचते आहे ना, मग काहीही वाचू दे. दुसरे, तिला चांगले काही द्या, म्हणजे तिच्या कलाने सोपे केलेले, काटे काढलेले. थोर स्त्रियांच्या गोष्टी आपण मुलींना हौसेने देतो, पण त्यांतली स्त्री बहुधा पहिल्या पानावरच थोर असते. तिला प्रश्न पडत नाहीत, ती चुकत नाही, ती बाजू बदलत नाही. ऑस्कर बाजू बदलते, ज्या राणीवर तिचा जीव आहे तिच्याविरुद्ध उभी राहते, आणि तरीही तिचे राणीवरचे प्रेम खोटे ठरत नाही. प्रेम एकीकडे आणि न्याय दुसरीकडे असेल तर काय करायचे, हा प्रश्न मोठ्यांनाही न सुटणारा. तो बारा वर्षांच्या मुलीपुढे ठेवावा का? इकेदा यांनी ठेवला, आणि मुलींनी तो पेलला. पेलवणार नाही असे संपादकांना वाटत होते.

ही चित्रकथा आता इंग्रजीत पाच जाड खंडांत संपूर्ण मिळते. मराठीत आलेली नाही. यावी असे वाटते. तोवर घरातल्या ज्या मुलीला इंग्रजी वाचता येते तिच्या हातात पहिला खंड द्यायला हरकत नाही. त्यात प्रेम आहे, मृत्यू आहे, एकदोन प्रसंग मोठ्या वयाचे आहेत. तेराव्या वर्षापासून पुढे चालेल. देताना ‘यातून इतिहास शीक’ असे मात्र सांगू नये. आधी झगे आणि घोडे पाहू द्यावेत. वाडग्याचे पान आले, की ती आपणहून येऊन काहीतरी विचारील. त्या वेळी आपल्यापाशी उत्तर असावे, नाही तर निदान तिच्याजवळ बसून तेवढे पान पुन्हा वाचायला वेळ तरी असावा.